श्रीलंका, मे महिना, आठ दिवस: काय ठेवायचं, काय गाळायचं

प्रश्न थोडक्यात असा: मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुण्याहून सहा जण निघणार. त्यात सत्तरी ओलांडलेले आईवडील आणि दोन शाळकरी मुलं. हातात सात रात्री, सगळे शाकाहारी. यादीत सिगिरिया, कँडी, नुवारा एलियाचं सीतामंदिर, एल्लाची रेल्वे, यालाचे बिबटे, मिरिसाचे देवमासे, गॉलचा किल्ला आणि जमलं तर त्रिंकोमाली. क्रम कसा लावावा?

क्रम नंतर बघू. या यादीत दोन वेगवेगळे ऋतू एकत्र झालेत, आधी ते सोडवायला हवं.

श्रीलंकेच्या मधोमध डोंगर आहेत आणि पाऊस दोन बाजूंनी येतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस मेच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत कोलंबो, गॉल, मिरिसाची बाजू भिजवतो. ईशान्येकडचा पाऊस साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी त्रिंकोमाली आणि पूर्व किनाऱ्यावर पडतो. कोकणात धो धो आणि घाट ओलांडला की माणदेशात धुरळा, हे आपल्याला सांगायला नको. तिथेही तेच, फक्त सहा महिन्यांनी बाजू बदलते. मिरिसाचे देवमासे बघायचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. मेच्या मध्यावर तिथला समुद्र उसळलेला असतो आणि पोहायला लाल बावटा. त्याच दिवसांत त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीचं पाणी तळ्यासारखं शांत असतं. म्हणजे तुमच्या यादीत "जमलं तर" म्हणून शेवटी टाकलेलं त्रिंकोमालीच पक्कं ठेवायला हवं, आणि मिरिसा-गॉल जायला हवं. डिसेंबरच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हेच उलटं वाचावं.

दुसरी अडचण अंतराची. देश ६५,६१० चौरस किलोमीटरचा, महाराष्ट्राच्या जेमतेम पाचवा हिस्सा. नकाशा बघून वाटतं, दोन तासांत कुठूनही कुठेही पोचू. पण कोलंबोहून दक्षिणेला जाणारा द्रुतगती मार्ग सोडला तर बहुतेक रस्ते दुपदरी, गावागावांतून जाणारे, आणि वेगमर्यादा खरोखर पाळायला लावणारे. सपाटीला ताशी ४० आणि डोंगरात ताशी २५ ते ३० किलोमीटर धरा, हिशेब चुकणार नाही. कटुनायके विमानतळ ते सिगिरिया सुमारे १५० किलोमीटर, चार तास. दंबुल्ला ते कँडी ७२ किलोमीटर, अडीच तास. कँडी ते नुवारा एलिया ७७ किलोमीटर, तीन तास. सिगिरियाहून याला राष्ट्रीय उद्यान गाठायचं म्हणजे एक अख्खा दिवस गाडीत. बिबट्यांसाठी निदान दोन फेऱ्या हव्यात, म्हणजे दोन रात्री, शिवाय परतीचा दिवस. सात रात्रींत हे बसत नाही. याला उद्यान गाळा, एल्लाही गाळा.

सीतामंदिराचं शेवटी बघू. एरवी उरलं ते असं: सिगिरियाजवळ तीन रात्री, त्रिंकोमालीत दोन, कँडीत दोन. विमान दुपारी दोननंतर उतरत असेल तर सिगिरियाची पहिली रात्र कापून ती विमानतळापासून पाऊण तासाच्या आत असलेल्या नेगोंबोत काढा. अंधारात चार तासांचा रस्ता ज्येष्ठांना घेऊन करू नका. आणि सिगिरियाजवळच्या हबरणा गावाच्या आसपास तर रात्री नकोच; तिथे रस्त्यावर रानहत्ती येतात.

गाडी. सहा माणसं आणि सामान म्हणजे व्हॅन, तिथल्या बोलीत "केडीएच". ठरवताना छत सपाट की उंच ते विचारा. आईवडिलांना वाकून चढायचा त्रास असेल तर उंच छताची मागा आणि दाराशी पायरी आहे का तेही विचारा. मागच्या रांगेपर्यंत एसीचा झोत पोचतो का, हा प्रश्न मे महिन्यात चैनीचा नसतो. भाव लेखी घ्या आणि त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: दिवसाला किती किलोमीटर धरलेत, जादा किलोमीटरचा दर, चालकाच्या राहण्या-जेवणाचा खर्च कुणाचा, टोल आणि पार्किंग कुणाचं. पुष्कळ हॉटेलांत चालकांसाठी वेगळी खोली असते, पण घरगुती मुक्कामात नसते. मग रात्री नऊ वाजता त्याच्यासाठी जागा शोधायची वेळ येते.

आणखी एक. मातलेच्या बाजूला रस्त्याकडेला मसाल्याच्या बागा लागतात. फेरी फुकट, शेवटी तेलं आणि लेप विकायला काढतात, किंमत ऐकून घाम फुटतो. चालकाला तिथे दलाली मिळते, यात लपवण्यासारखं काही नाही, तो त्यांच्या धंद्याचा भाग आहे. वेलची-जायफळाची झाडं बघायची असतील तर कोकणात बघता येतात. "मसाल्याची बाग, रत्नांचं दुकान, बाटिक नको" एवढं पहिल्याच दिवशी हसून सांगून टाका.

आता सिगिरिया, म्हणजे खडकावरची जुनी राजधानी. बहुतेक लोक इथे चुकतात ती चूक वेळेची. सकाळी दंबुल्ल्याची लेणी, मग दहा-साडेदहाला सिगिरिया, असा बेत करतात. मे महिन्यात अकरा वाजता त्या उघड्या खडकावर उभं राहवत नाही. दार उघडतं तेव्हाच आत शिरा, म्हणजे नऊच्या आत खाली याल. पायऱ्या सुमारे १२०० आहेत. खडक भोवतालच्या जमिनीपासून जवळजवळ १८० मीटर उठलेला. वाटेतल्या सिंहाच्या भल्यामोठ्या पंजांपर्यंतचा पहिला टप्पा दगडी पायऱ्यांचा, रुंद, बसत बसत जाता येईल असा. पंजांपासून वर मात्र कड्याला लावलेल्या लोखंडी जिन्याने जायचं, खालचं दिसतं, आणि गर्दीत मध्येच थांबता येत नाही. जेजुरीचा गड न दमता चढणारे आईवडील पंजांपर्यंत नक्की जातील. पुढचं गुडघे आणि चक्कर यांवर सोडा. अजिबात चढायचं नसेल तरी त्यांचं तिकीट वाया जात नाही: पायथ्याची जलोद्यानं हाच अर्धा सिगिरिया आहे. पाचव्या शतकातली कारंजी, दगडात भोकं पाडलेल्या चकत्यांची, केवळ पाण्याच्या दाबावर चालणारी. जोराचा पाऊस झाला की आजही त्यांतून पाणी उडतं.

हे बांधलं काश्यप राजानं, कारकीर्द इ. स. ४७७ ते ४९५. बाप धातुसेनाला मारून गादी घेतली, हक्काचा वारस असलेला भाऊ मोग्गल्लान भारतात पळाला, आणि तो फौज घेऊन परतणार या धास्तीनं राजधानी या खडकावर हलली. तो परतलाच.

चित्रं अर्ध्या वाटेवर एका कपारीत आहेत. गोल लोखंडी जिन्याने चढून जायचं. आज वीसेक आकृती उरल्यात: ढगातून कमरेपर्यंत वर आलेल्या स्त्रिया, हातात फुलं. अजिंठ्याची उत्तरकाळातली लेणी रंगत होती त्याच शतकातलं हे काम. अजिंठा पाहिलेल्या माणसाला डोळे आणि बोटं ओळखीची वाटतात, पण इथे कथा नाही, गर्दी नाही, राजवाडा नाही, नुसत्या स्त्रिया. फोटो काढायला सक्त मनाई. १९६७ मध्ये कुणीतरी या चित्रांवर रंग फासला होता, तेव्हापासून पहारा कडक आहे, आणि मोबाइल नुसता हातात धरला तरी पहारेकरी हटकतो.

तिथून उतरलात की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला एक गुळगुळीत, पिवळसर भिंत लागते. तिला आरसेभिंत म्हणतात. सगळे चालत पुढे निघून जातात. थांबा. भिंतीवर तिरपं ऊन आलं की बारीक ओरखडे दिसायला लागतात. ती अक्षरं आहेत. चित्रं बघायला आलेल्या लोकांनी, मुख्यतः आठव्या ते दहाव्या शतकात, सिंहली लिपीत कोरलेल्या कविता. कुणी चित्रातल्या बाईला बोलत नाही म्हणून दोष दिलाय, कुणी स्वतःचं नाव-गाव घातलंय. पुराभिलेखतज्ज्ञ सेनरत परणवितान यांनी यातल्या ६८५ कविता वाचल्या. हजार-बाराशे वर्षांपूर्वीचे पर्यटक काय म्हणाले हे वाचायला मिळण्याची जागा जगात फार नाही. भिंतीला हात लावू नका, आणि मुलांना आधीच बजावून ठेवा.

इथे काय बिघडतं? आग्या माश्या. कड्याला त्यांची मोठी पोळी लोंबतात. आरडाओरडा आणि उग्र अत्तर टाळा, "शांत राहा" या पाट्या उगीच लावलेल्या नाहीत. माश्या उठल्या तर शिरायला सिंहपंजांच्या अंगणात जाळीचा पिंजरा आहे, चढण्याआधी तो कुठे आहे हे बघून ठेवा. दुसरा त्रास माकडांचा: प्लास्टिकची पिशवी हातात असली की ती गेलीच. आणि बाहेर पडायची वाट आत आलेल्या वाटेपेक्षा वेगळी आहे, ती भलत्याच पार्किंगला नेते. गाडी तिकडे बोलावून ठेवा, नाहीतर उन्हात चालावं लागतं.

तिकिटाचं. सांस्कृतिक खात्याच्या स्थळांवर, म्हणजे सिगिरिया आणि पोलोन्नरुवा दोन्हीकडे, सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचं तिकीट मिळतं. त्यासाठी खिडकीवर मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. मोबाइलमधला फोटो चालेल या भरवशावर राहू नका. सहा जणांचा फरक चांगलाच भरतो. आणि हे तिकीट मागावं लागतं, आपणहून कुणी देईलच असं नाही.

समोरचा पिदुरंगला खडक हल्ली सगळ्यांना हवा असतो, कारण तिथून सिगिरियाचा फोटो चांगला येतो. तिकीट अगदी स्वस्त. पण शेवटची दहा मिनिटं मोठ्या धोंड्यांवर हात टेकून, अंग वर खेचत चढायचं आहे. मुलं आणि तुम्ही जा, आईवडिलांना खाली ठेवा. पायथ्याला मंदिर आहे, खांदे-गुडघे झाकलेले हवेत.

त्याच दिवशी दुपारी हत्ती. मिन्नेरियाच्या तलावावर शेकड्यानं हत्ती जमतात ही बातमी खरी आहे, पण ती साधारण जुलै ते ऑक्टोबरची. राजा महासेनानं तिसऱ्या शतकात बांधलेला हा तलाव उन्हाळ्यात आटत जातो, गाळावर कोवळं गवत उगवतं, त्यासाठी कळप उतरतात. मे महिन्यात पाणी अजून बरंच वर असतं आणि हत्ती विखुरलेले. शिवाय मोरगहकंद धरण झाल्यापासून या तलावात भलत्या वेळी पाणी सोडलं जातं आणि गवत बुडतं, हीही तिथली तक्रार आहे. म्हणून एक आठवडा आधी "मिन्नेरिया" म्हणून नोंदणी करू नका. जवळच कौडुल्ला आणि हुरुलु ही दोन रानं आहेत. हत्ती आज कुठे आहेत ते हबरण्याच्या जीपवाल्यांना दुपारपर्यंत कळलेलं असतं. त्यांना विचारा आणि अडीच-तीनला निघा. भाव विचारताना एकच वाक्य: "जीप, प्रवेश, सेवाशुल्क, कर, सगळं धरून सहा जणांचे किती?" कारण नुसत्या जीपचा आकडा सांगून गेटवर तेवढेच पुन्हा मोजायला लावणं ही नेहमीची गोष्ट आहे. पिलू असलेल्या कळपाजवळ जीप नेऊ नको असं चालकाला आधीच सांगा. जास्तीच्या बक्षिशीच्या आशेनं तो जवळ नेतो, आणि पाच-सहा जीपांनी घेरलेली हत्तीण कान पसरून येते ते दृश्य मजेचं नसतं. हत्तीवर बसायची सफरही हबरण्यात विकतात. ती घेऊ नका.

तिसरा दिवस पोलोन्नरुव्याचा. तास-दीड तासाचा रस्ता. अनुराधापुरा आणि पोलोन्नरुवा यांतलं एकच निवडायचं तर पर्यटकानं पोलोन्नरुवा निवडावं, असं माझं मत आहे. अनुराधापुरा थोर आहे: अशोककन्या संघमित्रेनं आणलेला बोधिवृक्ष, एके काळी १२० मीटरच्या वर उंच असलेला जेतवन स्तूप. पण ते पसरलेलं आहे, तिथे मुख्यतः भाविक म्हणून जायचं असतं, आणि मे महिन्यात तिथलं ऊन माणसाला झोपवतं. घरात कुणी बौद्ध परंपरेतलं असेल तर मात्र उलटं करा. बोधिवृक्षाखाली पांढऱ्या कपड्यांत बसलेल्या लोकांत अर्धा तास बसणं हे कुठल्याही अवशेषापेक्षा मोठं आहे.

पोलोन्नरुवा उत्तर-दक्षिण चारेक किलोमीटर पसरलंय. आधी तलावाकाठचं संग्रहालय. तिथल्या लाकडी-विटांच्या प्रतिकृती पाहिल्या की नंतरच्या उघड्या खांबांवर छप्पर कसं होतं ते कळतं. मग व्हॅननेच टप्प्याटप्प्यानं पुढे. मुलांना भाड्याच्या सायकली द्या, पण सकाळी नऊच्या आत. तिकिटाचा तुकडा शेवटपर्यंत जपा, गलविहारापाशी पुन्हा तपासतात. पवित्र जागी जोडे आणि टोपी काढावी लागते आणि दगड तापलेला असतो. जाड मोजे चालतात. प्रत्येकाच्या पिशवीत एक जोडी असू द्या. सगळ्या प्रवासात हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी सल्ला आहे.

वटदागे या गोल मंदिराच्या दाराशी खाली बघा. उंबऱ्यापुढे अर्धवर्तुळाकार कोरीव दगड असतो, सिंहलीत "सँदकडपहण", म्हणजे चंद्रशिळा. पाय ठेवूनच आत जायचं असतं. अनुराधापुराच्या जुन्या चंद्रशिळांवर एकाच पट्ट्यात हत्ती, घोडा, सिंह आणि बैल एकामागून एक चालतात. इथे तो पट्टा फुटून प्राण्यांचे वेगवेगळे पट्टे झालेत आणि बैल गायब आहे. मधल्या काळात चोळ आले होते. त्यांनी अनुराधापुरा पाडलं, राजधानी इथे आणली, शिवालयं बांधली. नंदीवर पाय कसा ठेवायचा, म्हणून बैल काढला असं अभ्यासक सांगतात. चोळांचं एक छोटं दगडी शिवालय, शिवदेवाले क्रमांक २, इथे जवळजवळ अभंग उभं आहे. मुलांना दोन्ही दाखवा, इतिहास समजावून सांगावा लागणार नाही.

गलविहार शेवटी ठेवा. एकाच कातळात कोरलेल्या चार मूर्ती, पराक्रमबाहू राजाच्या काळातल्या, बारावं शतक. पहुडलेली मूर्ती १४ मीटर लांब. डोक्याखालच्या उशीकडे बघा: जिथे डोकं टेकलंय तिथे दगडाची उशी दबलेली कोरलीय. आणि पायांकडे बघा, वरचा अंगठा खालच्यापेक्षा किंचित मागे सरकलेला. झोपलेल्या माणसाचे पाय जुळलेले असतात, हे परिनिर्वाण आहे, असा त्याचा अर्थ लावतात. मूर्तीकडे पाठ करून फोटो काढायचा नाही. सेल्फीही त्यातच आला. पहारेकरी शिट्टी मारतो, आणि देशभर ही गोष्ट गंभीरपणे घेतली जाते. अंगावर बुद्धाचा टॅटू असेल तर झाका, त्यावरून परदेशी लोकांना परत पाठवल्याची उदाहरणं आहेत.

चौथ्या दिवशी हबरण्याहून त्रिंकोमाली, ८५ किलोमीटर, दोन तास. पाट्या सिंहलीऐवजी तमिळमध्ये दिसायला लागतात आणि खाणावळींवर "सैवम" लिहिलेलं असतं. म्हणजे शुद्ध शाकाहारी. तुमची सोय झाली. मुक्काम शहरात न करता निलावेली किंवा उप्पुवेलीच्या किनाऱ्यावर करा.

तिथलं कोणेश्वर मंदिर स्वामीकड्यावर, फ्रेडरिक किल्ल्याच्या आत. किल्ल्यात हरणं गायींसारखी फिरतात. तमिळ शैवांच्या इथल्या पाच ईश्वरांपैकी हे एक. जुनं मंदिर सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं आणि त्याचे दगड किल्ल्याला वापरले. सध्याचं नवं आहे, रंगीबेरंगी. पण कड्याची जागा विलक्षण आहे, आणि तिथल्या भेगेला रावणाच्या तलवारीचा घाव म्हणतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास जा. गाडी बरीच वरपर्यंत जाते, आईवडिलांना चढ थोडाच. कन्नियाची सात गरम पाण्याची कुंडंही रावणाच्या कथेशी जोडलेली आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरीसारखी डुबकी मारायची जागा समजू नका, त्या लहान चौकोनी विहिरी आहेत आणि पाणी बादलीनं अंगावर घ्यायचं असतं. पाऊण तास पुरे.

पाचव्या सकाळी कबुतर बेट, म्हणजे पिजन आयलंड. निलावेलीहून होडीनं पंधरा मिनिटं. सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, तिकीट आणि होडी वेगवेगळी. सकाळी आठच्या आत जा, दहानंतर पाणी गढूळ आणि माणसं जास्त. लाइफजॅकेट घालून, मुखवटा लावून तरंगायचं. काळ्या पंखटोकाचे छोटे शार्क दिसतात, ते माणसाच्या वाटेला जात नाहीत. लागतं ते प्रवाळ: धारदार असतं, जखम लवकर भरत नाही, आणि त्यावर उभं राहिलं की तेही मरतं. उथळ पाण्यात दम लागला म्हणून पाय टेकणारे लोकच ते मोडतात. पोहता न येणाऱ्यांनी मार्गदर्शकाची रिंग धरावी. पाठीवर उन्हाने भाजून निघतं, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालूनच उतरा. आईवडिलांनी या सकाळी किनाऱ्यावर बसून शहाळं प्यावं. तिथलं शहाळं नारिंगी असतं, "तंबिली".

सहावा दिवस कँडीच्या वाटेवर, मध्ये दंबुल्ला. पाच लेणी, मुळं इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातल्या वळगंबा राजापर्यंत जातात, छतं पूर्ण रंगवलेली. दुसरं लेणं सगळ्यात मोठं, तिथे वेळ घालवा. पुढची उरकली तरी चालतील. तीन-साडेतीनशे पायऱ्या. तिकीट पायथ्याशीच घ्यावं लागतं, वर मिळत नाही, आणि सोन्याच्या मोठ्या बुद्धाच्या बाजूनं सरळ चढत गेलेले लोक वरून परत खाली येतात. चालकाला "आधी तिकीटखिडकी" असं सांगा.

कँडीत दळदा मंदिर, बुद्धाच्या दाताचं. दात दिसत नाही. पूजेच्या वेळी वरच्या मजल्यावरचं दार उघडतं, सोन्याची मंजूषा लांबून दिसते, रांग सरकत राहते. पूजा पहाटे साडेपाच, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी साडेसहा. संध्याकाळची गाठायची तर साडेपाचला आत असा. कपडे पांढरे किंवा फिके, गुडघे-खांदे झाकलेले. बाहेरून कमळं घ्या आणि तिथल्या बायका पाकळ्या एकेक करून बाहेर दुमडून कळी कशी उघडतात ते बघा, त्यांना विचारलं तर शिकवतात. सातव्या सकाळी पेरादेनियाची वनस्पती बाग, ६० हेक्टर, १८२१ सालची. दर्याई नारळाची झाडं इथे फळांसकट बघायला मिळतात. झाडांवर लटकलेली मोठी वटवाघळंही मुलांना आवडतील. दुपारी पाऊस येतो, म्हणून सकाळीच. आठव्या दिवशी कँडी ते विमानतळ साडेतीन तास. विमानाआधी सात तास निघा.

आता सीतामंदिर. आईवडिलांचा जीव त्यातच असेल तर त्रिंकोमाली गाळा आणि सिगिरिया तीन, कँडी दोन, नुवारा एलिया दोन असं करा. सीता एलिया नुवारा एलियापासून पाचेक किलोमीटरवर, ओढ्याकाठी, लहान आणि प्रसन्न. खडकातले खळगे हनुमानाची पावलं म्हणून दाखवतात. त्याच रस्त्यानं पुढे हकगला बाग. पण "रामायणातली पन्नास स्थळं" विकणाऱ्या सहली घेऊ नका, त्यात अर्धा वेळ पाट्या वाचण्यात जातो. या बेतात कँडी ते नानु ओया (नुवारा एलियाजवळचं स्थानक) रेल्वे बसते, चारेक तास. आरक्षण ३० दिवस आधी उघडतं आणि लगेच संपतं. सामान व्हॅनमधून पुढे पाठवा, तुम्ही हलक्या हातानं चढा. मात्र नोव्हेंबर २०२५ च्या दितवाह चक्रीवादळात या मार्गावर मोठ्या दरडी कोसळल्या होत्या, तेव्हा गाडी कुठून कुठपर्यंत धावते ते आधी रेल्वेच्या अधिकृत सूचनेत पाहा. नुवारा एलिया १८६८ मीटरवर आहे, मे महिन्यातही स्वेटर लागतो. परतीचं विमान रात्रीचं हवं, कारण तिथून विमानतळ साडेपाच तास.

शाकाहाराबद्दल. तिथे भाजीतही "उंबलकड", म्हणजे वाळवून कडक केलेल्या माशाचा चुरा घालतात. नारळाच्या चटणीत, म्हणजे पोल संबोलमध्ये, तर हमखास. "व्हेज" म्हटलं तरी त्यांच्या लेखी तो मसाला असतो, मासा नव्हे. म्हणून नेमकं सांगा: "उंबलकड नॅतुव", उंबलकडाशिवाय. "मस, माळु, बित्तर एपा" म्हणजे मांस, मासा, अंडं नको. एवढं जमलं की जेवणाची चैन आहे. परिप्पु म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ. इंदिआप्प म्हणजे मालवणी शिरवाळ्यांचा सख्खा भाऊ. पोलोस म्हणजे कोवळ्या फणसाची, कुयरीची आमटी. दिवुल म्हणजे कवठ, त्याचं सरबत. मडक्यातलं म्हशीचं दही "कितुल"च्या काकवीसोबत देतात. कितुल म्हणजे आपला भेरली माड. रस्त्यावर "हॉटेल" अशी पाटी दिसली तर ती खाणावळ असते, खोल्या नसतात.

वेसाक, म्हणजे वैशाखी पौर्णिमा, तुमच्या तारखांत येते का ते श्रीलंकेच्या सरकारी कॅलेंडरवर बघा. अधिक महिना आला की आपल्या पंचांगाशी ती जुळेलच असं नाही. आली तर नशीब समजा: बांबूच्या काड्यांचे कागदी कंदील घरोघरी, जातककथांची दिव्यांनी उजळणारी भव्य "तोरणं", आणि रस्त्यात हात धरून फुकट जेवायला-प्यायला बोलावणारे "दन्सल". पण त्या संध्याकाळी गाडीनं प्रवास ठेवू नका, तासभराच्या वाटेला तीन तास लागतात. एरवीही दर पौर्णिमेला, "पोया"ला, सार्वजनिक सुट्टी असते आणि मंदिरं गच्च.

किरकोळ: ईटीए, म्हणजे देशात शिरायची ऑनलाइन परवानगी, सरकारी संकेतस्थळावरूनच काढा, सारख्या दिसणाऱ्या दलाली साइट जास्त पैसे घेतात. फेब्रुवारी २०२४ पासून यूपीआय तिथे सुरू झालंय, पण गावातल्या दुकानात त्याच्या भरवशावर राहू नका, रोख हवी. ती विमानतळावरच्या बँकेच्या खिडक्यांवर बदला. नव्या हॉटेलांत प्लगची भोकं चौकोनी, तीन पिनांची असतात. एक अडॅप्टर पुरतो, पण सहा फोन असतील तर सोबत एक एक्स्टेन्शन बोर्ड घ्या. डेंग्यू आहे, संध्याकाळीच नव्हे तर दिवसाही ओडोमॉस लावा. कोलंबो आणि कँडीत रिक्षा पिकमी या अॅपवरून बोलवा, तिथल्या तिथे घासाघीस करण्यापेक्षा स्वस्त पडते.

सिगिरियाचं हॉटेल घेताना सकाळचा नाश्ता डब्यात बांधून देतात का हे आधीच विचारून ठेवा. दार उघडायच्या वेळी पोचायचं तर हॉटेलचा नाश्ता चुकणार, आणि सत्तरीतल्या माणसाला रिकाम्या पोटी त्या पायऱ्या चढवू नयेत.